माशात किडा दिसला तर: काय काढायचं, काय टाकायचं आणि काय बिनधास्त खायचं

नारळी पौर्णिमा झाली की पंधरा दिवसांच्या आत पुण्याहून वहिनीचा एक फोटो येतोच. सुरमईची तुकडी, तिच्यावर तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं काहीतरी, आणि खाली एक ओळ: "भाऊजी, हे काय? सगळी टाकली." सगळी म्हणजे अख्खी दीड किलोची सुरमई! मी प्राणिशास्त्रात एमएस्सी करताना दोन वर्षं माशांची आतडी उलटीपालटी केली, त्यामुळे घरात कुणाच्याही माशात काही वळवळलं की निवाडा माझ्याकडे येतो. टाकलेली सुरमई बहुतेक वेळा चांगली असते, याची हळहळ जास्त. कारण हीच वहिनी एकदा दुपारभर गाडीच्या डिकीत तापलेले बांगडे निर्धास्त तळून मोकळी झाली होती. त्यात किडा नव्हता ना! त्या रात्री घरातल्या तिघांची तोंडं लाल आणि अंगभर खाज.

ती खाज हिस्टामीनची. बांगडा, सुरमई, कुपा असे मासे उबेत राहिले की जिवाणू त्यांच्या मांसात हे रसायन तयार करतात. ते तळून जात नाही, उकळूनही जात नाही. म्हणून माशाला नेहमी दोन वेगळे प्रश्न विचारायचे. एक, हा ताजा आहे का? दोन, याच्यात कुणी बिऱ्हाड केलंय का? पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं तर मासा घ्यायचाच नाही. दुसऱ्याचं उत्तर 'हो' आलं तर घाबरायचं नाही, नीट बघायचं. समुद्रातल्या जवळजवळ प्रत्येक रानटी माशात कुठे ना कुठे परजीवी असतोच. मासा जिवंत असताना तो त्याच्यासोबतच जगत होता, नासल्यावर येऊन बसलेला नाही.

पहिली पायरी: टोपलीपाशी

ताजेपणाची परीक्षा तुम्हाला येत असेलच: डोळा फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, बोट दाबलं की मांस वर उसळतं, वास समुद्राचा. ती झाली की कल्ल्याचं झाकण उचललेलंच असतं, तेव्हा अजून दोन सेकंद आत बघा. मग तोंड उघडून बघा, आणि अंगावरून, विशेषतः परांच्या मुळाशी, नजर फिरवा.

बांगड्याच्या किंवा तारलीच्या कल्ल्यात कधी कधी गोचिडीसारखा, कडक पाठीचा, पिवळट-पांढरा प्राणी चिकटून बसलेला असतो. लांबी नखाएवढी, कधी त्याहून मोठी. हा आयसोपॉड, म्हणजे कोलंबी-खेकड्यांचाच लांबचा भाऊबंद. कल्ल्यात बऱ्याचदा जोडी सापडते, एक मोठा, एक लहान. मोठी ती मादी. यांची गंमत अशी की प्रत्येक जण आधी नर असतो आणि पुढे मादी होतो. प्रशांत महासागरातला यांचा एक जातभाई माशाची जीभ शोषून सुकवतो आणि तिच्या जागी स्वतः ठाण मांडतो. त्याचे व्हिडिओ तुम्हालाही कुणी ना कुणी पाठवलेच असतील. माणसाच्या अंगात यातला कुणीही राहू शकत नाही. चिमट्याने उपटा, फेका, कल्ले काढून टाका, मासा घ्या. जिवंत असेल तर बोटाला चावू शकतो, एवढंच ध्यानात ठेवा.

कधी माशाच्या अंगातून तपकिरी दोरा लोंबताना दिसतो आणि त्याच्या टोकाला दोन बारीक शेपट्या असतात. हा कोपेपॉड, तोही कोलंबी-खेकड्यांच्याच गोतातला. शेपट्या म्हणजे त्याच्या अंड्यांच्या माळा, आणि डोकं नांगरासारखं मांसात रुतलेलं. दोरा ओढला तर तुटतो आणि डोकं आतच राहतं, म्हणून भोवतीचं बोटाच्या पेराएवढं मांस कापून काढायचं. बाकीचा मासा उत्तम.

निघण्याआधी एक काम मात्र तिथेच करून घ्या: "मावशी, पोट काढून द्या." घरी नेऊन संध्याकाळी बघू, असं नको. पोटातल्या गोलकृमींच्या अळ्या मासा मेल्यावर आतड्यांवरून निघून पोटाच्या भिंतीच्या मांसात शिरू शकतात. जितकं लवकर पोट साफ, तितक्या अळ्या कोळणीच्या बादलीत जातात, तुमच्या तुकडीत येत नाहीत. आणि घरी येईपर्यंत बर्फ हवाच. डिकीतले बांगडे आठवा.

दुसरी पायरी: जे किडा नाही ते आधी वेगळं काढा

मला येणाऱ्या फोटोंतले निम्मे तरी किड्यांचे नसतात. सगळ्यात जास्त फसवतो तो बांगड्याच्या जठरापाशी असलेला बारीक पांढऱ्या-गुलाबी दोऱ्यांचा झुबका. अगदी कृमींचा पुंजका वाटतो. ते पायलोरिक सीका, म्हणजे पचनाला मदत करणाऱ्या बारीक आंधळ्या नळ्या. बऱ्याच माशांत असतात, बांगड्यात तर भरपूर. खूण सोपी आहे: सगळ्या नळ्या एका टोकाला आतड्याला जोडलेल्या असतात. कृमी कशालाही जोडलेला नसतो, सुईच्या टोकाने उचलला की सुटा येतो.

दुसरी फसवणूक नसांची आणि शिरांची. मोठ्या माशाच्या तुकडीत काट्याजवळ पांढरी दोरी दिसते. ती ओढली की ताणली जाते आणि मांसाच्या पदराबरोबर जाते. तिसरी फसवणूक माशाने स्वतः गिळलेल्या खाऊची: जवळा, बारीक मासळी, अर्धवट पचलेलं काहीबाही.

तरीही शंका उरली तर वाटीत कोमट, किंचित खारट पाणी घ्या आणि संशयित त्यात सोडा. गोलकृमी जिवंत असेल तर पाच-दहा मिनिटांत हळूहळू उलगडतो, पुन्हा गुंडाळतो. शीर काही हलत नाही.

सुक्या मासळीची गोष्ट निराळी. पावसाळ्यात सुकट-बोंबलांत वळवळणाऱ्या अळ्या माशीच्या असतात, आणि पोखरून भुसा करणारे काळे किडे म्हणजे भुंगेरे. यांचा समुद्राशी संबंध नाही. हा साठवणीचा दोष. वाळवण कच्चं राहिलं किंवा डब्यात दमटपणा शिरला. अळी पडलेली सुकी मासळी टाकूनच द्या.

तिसरी पायरी: पत्त्यावरून ओळख

परजीवी आपली जागा सहसा सोडत नाही. त्यामुळे तो कुठे सापडला हे कळलं की अर्धी ओळख पटते.

कल्ल्यांवर मोत्यासारखी पिवळी-केशरी गाठ दिसली तर ती पर्णकृमींची पुरचुंडी. बांगडा, सुरमई, कुपा यांच्यात मिळते. आत दोन कृमी एकमेकांना बिलगून आयुष्य काढत असतात. माणसाला अपाय नाही. कल्ल्यांबरोबर जाते.

आतड्यांवर, यकृतावर किंवा पोटाच्या आतल्या पडद्यावर घड्याळातल्या स्प्रिंगसारखी चपटी, पांढरी, चार-पाच मिलिमीटर रुंदीची गुंडाळी दिसली, तर मात्र लक्ष द्या. हा ॲनिसाकिस, वर सांगितलेल्या गोलकृमींपैकी एक. उलगडला तर दोन-तीन सेंटिमीटर भरतो. याचं खरं घर देवमासे आणि डॉल्फिन यांचं जठर. तिथून अंडी पाण्यात, अळ्या कोलंबीसारख्या बारीक जिवांत, ते जीव खाणाऱ्या माशांत किंवा माकुळांत, आणि मासा पुन्हा डॉल्फिनच्या पोटात, असा फेरा. माणूस या फेऱ्यात चुकून घुसतो, तोही कच्चा मासा खाल्ला तरच. वाकटीसारखे दुसऱ्या माशांवर जगणारे मासे साफ करताना या गुंडाळ्या जास्त भेटतात, कारण खाल्लेल्या माशांतल्या अळ्या त्यांच्यात साठत जातात.

गाभोळीत रक्तासारखा लाल, लांब दोरा असेल तर तो फिलोमेट्रा नावाचा गोलकृमी. हेकरू, ढोमा अशा माशांच्या अंडाशयात त्याची मादी राहते. मेली की काळपट-तपकिरी दोरा उरतो. माशाच्या विणीला यामुळे नुकसान होतं. आपल्याला फक्त किळस. तेवढा दोरा ओढून काढा. गाभोळीभर दोरेच दोरे असतील तर ती टाका, मासा ठेवा.

आता वहिनीचा तांदूळ. सुरमई आणि ढोम्याच्या कुळातले मासे यांच्या मांसात किंवा पोटाच्या भिंतीत पांढरा, कधी पिवळट, लांबट दाणा निघतो. फोडला तर आतून छोटीशी पांढरी अळी बाहेर येते, आणि भिंगाखाली पाहिलं तर तिला काटेरी सोंडा असतात, एकूण चार. ही पट्टकृमीची अळी. तिला पोचायचं असतं मुशीच्या किंवा पाकटाच्या आतड्यात, तिथेच तिचा प्रौढ पट्टकृमी होतो. सुरमई ही फक्त वाटेतली धर्मशाळा. आपलं पोट तिच्या कामाचं नाही. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातातल्या गळवाल्यांना ढोम्याच्या एका नातलगात हीच भानगड इतकी भेटते की तिला तिकडे 'शेवया कृमी' अशा अर्थाचं नावच पडलंय. ते लोक शेवई ओढून काढतात आणि मासा तळतात.

मुशी-पाकटांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. यांच्या आतड्यात आत जिन्यासारखी वळणदार घडी असते आणि तीत पट्टकृमींची वसाहत असते. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात जी. बी. शिंदे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी याच वसाहतीवर वर्षानुवर्षं काम केलं. समुद्रापासून इतक्या लांबच्या गावात बसून त्यांनी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या माशांतले कृमी वर्णन केले, याचं मला विद्यार्थिदशेपासून अप्रूप वाटतं. मुशी साफ करणाऱ्याने आतडी न फोडता अख्खी बाहेर काढावी, इतकंच यातून घ्यायचं.

शेवटचा पत्ता कुठेच दिसत नाही. मासा ताजा होता, वास नव्हता, पण शिजल्यावर चमच्याने खरवडावं असा लगदा झाला. यामागे कुडोआ नावाचा, सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारा परजीवी असू शकतो. मासा मेल्यावर त्याच्या रसायनांनी मांस विरघळतं. कॅनडातल्या सामन पाळणाऱ्यांना याने पुष्कळ तोटा दिलाय. घरी मात्र कुडोआ आणि नासका मासा यांतला फरक ठरवता येत नाही, म्हणून लगदा झालेला मासा खाऊ नका.

चौथी पायरी: मांस उजेडात बघा

रस्सा करणार असाल तर ही पायरी सोडली तरी चालेल. मोठ्या माशाचे बिनकाट्याचे काप करणार असाल तर करा. दोन सेंटिमीटरपेक्षा पातळ काप काचेच्या बशीत ठेवा, खोलीतला दिवा घालवा, बशीखालून मोबाईलची बॅटरी लावा. निर्यातीच्या कारखान्यांत हेच काम खालून प्रकाश येणाऱ्या पांढऱ्या टेबलावर चालतं. दाणा, गुंडाळी, काळा ठिपका सावलीसारखा उठून दिसतो. सुरीच्या टोकाने काढायचा. पोटाकडची पातळ पट्टी सगळ्यात नीट तपासा, कारण ॲनिसाकिस तिथेच जास्त सापडतो.

एक मजेदार उपाय: काप आधी गोठवून, मग वितळवून, अंधारात नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरा. गोठून मेलेल्या ॲनिसाकिसच्या अळ्या निळसर-पांढऱ्या चमकतात. युरोपातल्या प्रयोगशाळा मांस दाबून, गोठवून, अशाच किरणांखाली अळ्या मोजतात. काटे आणि पडदेही थोडे चमकतात, तेव्हा पहिल्यांदा बघताना दचकू नका.

पाचवी पायरी: ठेवायचं की टाकायचं

माझा हिशोब असा. दोन-चार दाणे किंवा गुंडाळ्या असतील तर काढा, धुवा, शिजवा. पोटाच्या पट्टीत सात-आठ असतील तर ती पट्टी कापून टाका, पाठीचं मांस वापरा. प्रत्येक तुकडीत दाणेच दाणे असतील तर मासा परत करा. अपाय म्हणून नव्हे, असा मासा कुणाच्याही घशाखाली उतरत नाही म्हणून. नेहमीची कोळीण असेल तर ती बदलून देते. भांडायला जाऊ नका, तिने तो किडा घातलेला नाही.

सहावी पायरी: आग

माशाच्या मधोमध 60 अंश सेल्सियस तापमान किमान एक मिनिट टिकलं की ॲनिसाकिस मरतो. उकळत्या तिखल्यात किंवा रव्यात तळलेल्या तुकडीत हे आपोआप होतं. आपल्या किनाऱ्यावर त्याच्यामुळे होणारा पोटदुखीचा आजार घरोघरी का दिसत नाही, याचं उत्तर आपल्या चुलीत आहे. चूक होते ती जाड, अख्ख्या माशात. निखाऱ्यावर भाजलेला मोठा तांबोशी बाहेरून करपतो आणि कण्याजवळ काचेसारखा अर्धपारदर्शक राहतो. जाड भागाला दोन-तीन आडवे चर पाडा आणि वाढण्याआधी कण्याजवळ सुरी घालून बघा. मांस पांढरं, अपारदर्शक आणि काट्यापासून सुटणारं हवं. मायक्रोवेव्हमध्ये मासा एका बाजूने उकळतो आणि दुसरीकडे गार राहतो, म्हणून मधेच उलटा आणि नंतर झाकून दोन-तीन मिनिटं ठेवा.

लिंबू, व्हिनेगर, आगळ, मीठ यांवर विसंबू नका. आंबटाने मांस पांढरं पडतं, शिजल्यासारखं दिसतं, पण ॲनिसाकिस व्हिनेगरमध्ये कित्येक दिवस जिवंत राहू शकतो. स्पेनमध्ये व्हिनेगरमधल्या कच्च्या बारीक मासळीतून हा आजार इतका होत असे की 2006 साली तिथल्या सरकारने उपाहारगृहांना असा मासा आधी गोठवण्याची सक्ती केली.

सातवी पायरी: थंडी

कच्चा किंवा अर्धाकच्चा मासा खायचाच असेल तर गोठवण्याला पर्याय नाही. नेदरलँड्समध्ये 1960 साली व्हॅन थील आणि सहकाऱ्यांनी कच्च्या हेरिंगमुळे (हा तारलीचा नातलग मासा) होणाऱ्या या पोटदुखीचं कारण दाखवून दिलं, आणि 1968 मध्ये तिथे हेरिंग गोठवणं कायद्याने बंधनकारक झालं. आज युरोपचा नियम सांगतो: सगळ्या भागात उणे 20 अंश, किमान 24 तास, किंवा उणे 35 अंशांवर 15 तास. अमेरिकेत उणे 20 अंशांवर सात दिवस.

घरचा फ्रीझर या हिशोबात बसतो का? चांगला फ्रीझर उणे 18 पर्यंत जातो, तेही दार कमी उघडलं तर. म्हणून पातळ काप करून, एका थरात पसरून, पूर्ण सात दिवस ठेवा. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा तेवढा थंड नसतो. त्यावर भिस्त ठेवून घरी सुशी करू नका. पाळीव सामनमध्ये धोका फार कमी असतो, कारण तो लहानपणापासून कोरड्या खाद्यावर वाढतो, त्याला जिवंत जीव खायला मिळत नाहीत. 'ताजा, आजच पकडलेला' हे वर्णन कच्च्या माशाच्या बाबतीत ऐकायला गोड, पण ॲनिसाकिसच्या दृष्टीने ते 'जिवंत अळीसह' असंही असू शकतं. जपानात असलेल्या आपल्या लोकांनी व्हिनेगरमधला बांगडा खाताना आणि ॲम्स्टरडॅममधल्यांनी हेरिंग खाताना 'गोठवलेला होता का' एवढं विचारायला लाजू नये.

खाऊन झालंच असेल तर

कच्चा मासा खाल्ल्यावर काही तासांत पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ, मळमळ, उलटी सुरू झाली तर घरगुती ओवा-हिंग करत बसू नका, डॉक्टरकडे जा. आणि काय खाल्लं, केव्हा खाल्लं हे स्वतःहून सांगा, कारण आपल्याकडे डॉक्टरच्या डोक्यात हे कारण पटकन येणार नाही. अळी जठराच्या भिंतीत तोंड खुपसून बसलेली असते आणि दुर्बिणीतून चिमट्याने ओढून काढता येते. काढली की दुखणं बहुधा लगेच ओसरतं. काहींना ॲनिसाकिसची ॲलर्जी होते. त्यातली काही प्रथिनं उष्णतेने मोडत नाहीत, त्यामुळे अशा माणसाला पूर्ण शिजवलेल्या माशानेही पित्त उठू शकतं. त्याची तपासणी वेगळी करावी लागते.

मासे पाळणाऱ्यांसाठी

वरचं सगळं खाणाऱ्याच्या बाजूने झालं. पिंजऱ्यात जिताडा किंवा सकला वाढवणाऱ्याला मात्र परजीवी थेट खिशात चावतो. मोकळ्या समुद्रात विखुरलेला कृमी पिंजऱ्यात शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जातो. मासे जाळ्याला अंग घासू लागले, डोळे धुरकट झाले तर त्वचेवरचे चपटे कृमी असण्याची शक्यता धरा. गोड्या पाण्यात पाच ते दहा मिनिटं, हवा सोडत, मासे बुडवले की हे कृमी पांढरे पडून गळतात. मासा आडवा होऊ लागला तर वेळ न बघता लगेच बाहेर काढा. कृमींची अंडी चिकट धाग्यांनी जाळ्याला लटकतात, म्हणून जाळी बदलली नाही तर आठ-पंधरा दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. टाक्यांतल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला ही युक्ती पुरत नाही, कारण तो जीव कातडीच्या आत असतो. त्यावर दर तीन दिवसांनी मासे नव्या, धुऊन वाळवलेल्या टाकीत हलवायचे, असं चार वेळा.

किडा ओळखून हवा असेल तर

विद्यार्थी असाल किंवा नुसतंच कुतूहल असेल, तर कृमी खारट पाण्यात धुवा, गरम पाण्यात टाकून सरळ झाला की 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. बाटलीत कागदाची चिठ्ठी टाका, पेन्सिलीने लिहिलेली. पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. मी पहिल्या सत्रातल्या अकरा बाटल्या अशाच मुक्या करून ठेवल्या होत्या. चिठ्ठीवर माशाचं नाव, बंदर, तारीख आणि अवयव हवा. किती मासे तपासले आणि त्यांतले किती लागलेले निघाले, दोन्ही आकडे वहीत लिहा. चाळीस बांगडे पाहिले, सहांत मिळाला, म्हणजे 15 टक्के. नुसतं 'बांगड्यात किडे मिळाले' याला अर्थ नाही.

आणि फोटोच पाठवायचा असेल तर किड्याशेजारी रुपयाचं नाणं ठेवा, उजेडात काढा, मासा कोणता आणि किडा कुठे होता ते लिहा. वहिनी, तुकडी मात्र उत्तर येईपर्यंत फ्रीजमध्ये ठेवा.